आजीच्या मापवह्या: कामाच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, वाई

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे फाटे फुटले तर निदान कळेल तरी. आजी जूनमध्ये गेली, त्र्याण्णवाव्या वर्षी. वर्षश्राद्धाला घरच्यांपुरती एक छोटी पुस्तिका काढायची ठरली आहे. दहा-बारा फोटो, चार आठवणी, थोडी वंशावळ. संपादन माझ्याकडे, कारण पुण्याहून दर पंधरा दिवसांनी येऊ शकणारी मीच. काकांनी सुरुवातीचा परिच्छेद लिहूनही ठेवलाय: "आईने प्रपंच सांभाळून फावल्या वेळात शिवणकामाची आवड जोपासली."

हे वाक्य मला खुपतंय. पण त्याच्या जागी काय लिहायचं, तर माझ्याकडेही काही नाही. आजी स्वतःबद्दल बोलायचीच नाही. काही विचारायला गेलं की "हात वर कर" म्हणायची आणि टेप लावायची.

आज फक्त मशीनचे ड्रॉवर रिकामे केले. मशीन उषाचं, पायाचं, कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगचं. सोनेरी वेलबुट्टी सगळीकडे शाबूत, पण जिथून कापड पुढे सरकायचं तिथे हात घासून घासून नुसतं काळं लोखंड उरलंय. डाव्या ड्रॉवरमध्ये ९ बॉबिना, हुकांच्या पुड्या, खडूचे तुकडे, एक अंगुस्ताना. उजव्यात बटणांनी भरलेला पावडरचा डबा, आणि त्याच्या खाली खणाच्या तुकड्याची एक चपटी पिशवी. चारही बाजूंनी लाल दोऱ्याने टीप घालून बंद केलेली, तोंड असं कुठेच नाही. उसवली. आत ८५ रुपये. विसाच्या २ नोटा, दहाच्या ४, पाचाची १. काका म्हणाले, "आईची साठवण." पाचाच्या नोटेवर ट्रॅक्टर आहे. तो काकांच्या नातवाला फार आवडला, म्हणून ती नोट त्याला दिली. बाकीच्या पाकिटात घालून देवघरात.

२४ नोव्हेंबर

माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत वह्या सापडल्या. ३१. पहिली १९५४ची, शेवटची २०१५ची. दोन वाळवीने खाल्ल्यात, बाकीच्या ठीक.

पानाची रचना ठरलेली. डावीकडे गिऱ्हाइकाची खूण, मध्ये मापं, उजवीकडे शिलाई, आणि दिलं की सगळ्यावर आडवी रेघ. खूण म्हणजे नाव क्वचितच. "कोपऱ्यावरची थोरली", "मास्तरीणबाई", "नवी सून, दुधाचे घर". पहिल्या वहीत दर महिन्याला एक ओळ येते, "मशीन हप्ता १२ रु." अशा १८ ओळी. आजोबा कापडाच्या दुकानात दिवाणजी होते. हे हप्ते त्यांनी भरले असं घरात सांगतात. वहीत मात्र हप्त्याची ओळ शिलाईच्या बेरजेतून वजा केलेली आहे.

एक पान नुसतं बघत बसावं असं. एप्रिल १९५७. दशमान नाणी, म्हणजे नये पैसे, आले तो महिना. तोवर पोलक्याची शिलाई ६ आणे. आता तिने लिहिलंय "६ आणे", आणि त्याच्या खाली, शाळेतल्या मुलीसारखं टोकदार अक्षर काढून, "३७ न.पै." हिशेबाने साडेसदतीस होतात, पण सरकारी कोष्टकात अर्धा गाळलेला. वर्षभर ती दोन्ही लिहीत होती. मार्च ५८मध्ये अचानक सरळ ४०. म्हणजे सरकारने खाल्लेला अर्धा पैसा तिने अडीच पैसे करून वसूल केला. हे बघून मला पहिल्यांदा वाटलं, आपण या बाईला ओळखत नव्हतो.

७ डिसेंबर

वह्या एक्सेलमध्ये चढवायला घेतल्या. सगळ्या नाही, दर वर्षातले चार महिने. छा. म्हणजे छाती, कं. कंबर, मुं. मुंढा, ग.पु. आणि ग.मा. म्हणजे गळा पुढे, गळा मागे. "मा. दीड" हे कळायला वेळ लागला. माया दीड इंच. शिवणीच्या आत जादा सोडलेलं कापड, पुढे अंग भरलं की उसवून सैल करायला. हा शब्द बघून कुणीही कविता करू नये, मीही करणार नाही. पण नव्या सुनांच्या ओळींत माया नेहमी दीड असते आणि साठीच्या बायकांच्या ओळींत अर्धा, हे खरं.

"ठे." ही खूण बऱ्याच ठिकाणी आहे, पुढे आकडा. "ठे. २", "ठे. १". शिलाईच्या खाली, बारीक. हे ठेवणीतलं असणार, म्हणजे सणासुदीचे ब्लाउज किती ते. तसा वेगळा रकाना केला. आत्तापर्यंत ४१२ नोंदी. वाईच्या बायका बऱ्याच नटत होत्या म्हणायच्या!

कपड्यांची चाल तारखेवार दिसते हा या रकान्यांचा खरा फायदा. पन्नासच्या दशकात खणाच्या गाठीच्या चोळ्या भरपूर, नऊवारीवरच्या. साठच्या दशकात हुकांचे ब्लाउज वाढतात. सत्तरच्या दशकात टू बाय टू रुबिया येतं ते पुढे जातच नाही. मग टेरिकॉटच्या साड्या, आणि त्यांच्यामागोमाग फॉल-बिडिंग. मुलींची परकर-पोलकी हळूहळू कमी होऊन फक्त दिवाळीपुरती उरतात. कापडाचा वार जाऊन मीटर आला, पण आजीच्या टेपवर इंचच राहिले. आजही कुठल्याही शिंप्याला सेंटिमीटरमध्ये माप सांगून बघा.

११ डिसेंबर

आजचीच तारीख, म्हणून मुद्दाम १९६७ची वही काढली. कोयनेचा भूकंप. पहाटे सव्वाचारच्या पुढे झाला. कोयनानगरकडे दीडशेहून जास्त माणसं गेली, इथे वाईतही लोक थंडीत घराबाहेर पळाले. आजीची नोंद:

"पहाटे धरणीकंप. मशीन हातभर सरकले. पाटलीणबाईंचे ४ ब्लाउज आज द्यायचे होते. दिले."

पुस्तिकेत बाकी काही गेलं नाही तरी हे जाणार.

४ जानेवारी २०२५

मशीन चालू करणं. मूळ यादीत हे नव्हतं, पण चुलतभावाला हौस. चाक जाम. दुरुस्तीवाल्यांनी वरचं झाकण काढलं, बोट फिरवून वास घेतला आणि विचारलं, "खोबरेल घालत होत्या का?" घालत होती. मशीनचं तेल संपलं की देवघरातलं. ते थंडीत थिजतं आणि वर्षानुवर्षं साचून डिंकासारखं होतं. रॉकेलने धुवायचं, तर आता रॉकेल कुणाकडे मिळतंय! ते शोधण्यातच दोन दिवस गेले. मग रॉकेल, फडकं, जुना टूथब्रश. शटलच्या खाचेतून दोऱ्याच्या तुसांचा एक बोळा निघाला, किती रंगांचा ते मोजत बसले नाही. चामड्याचा पट्टा नवा घातला.

चाक सुटल्यावर मी बसले. पाय एकदा पुढे, एकदा मागे, मशीन उलटं, दोरा गोळा. दोन सुया मोडल्या. टाके सुटत होते. तिसरी सुई मी उलटी बसवली होती हे काकू स्वयंपाकघरातून न बघता म्हणाल्या, नुसत्या आवाजावरून. काकूंना या मशीनबद्दल एवढं माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, "तुझी आजी मला हात लावू द्यायची नाही. पण ऐकू तर येतंच की."

१९ जानेवारी

आजची नोंद लांब होणार.

काकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आजीच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक आल्या. ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत. वह्यांचं ऐकून म्हणाल्या, "माझं पान आहे का बघ गं." होतं. मे १९६२, "अष्टपुत्रीवरचे", म्हणजे लग्नातल्या पिवळ्या साडीवरचे, छाती ३०, कंबर २४. मी वाचून दाखवलं.

"चोवीस!" त्यांनी तिळगूळ बशीत ठेवला. "आता एकेका मांडीची असेल चोवीस."

मग त्यांनी वही मांडीवरच घेतली. चष्मा वर करून, बोट लावून, ओळ न ओळ. त्यांची मापं वाढत गेलेली, बाळंतपणांच्या आधी सैल, नंतर परत आत, मग आत न येता तिथेच. एके ठिकाणी बोट थांबलं. मी आपली हुशारी दाखवली. म्हटलं, "हे ठेवणीतले ब्लाउज ना? तुमचे बरेच दिसतात."

त्या हसायला लागल्या ते थांबेनातच. काकूंनी पाणी आणलं.

"ठेवणीतलं कसलं डोंबल! ठेव गं ती. ठेव!"

मग सांगितलं ते असं. घरातून पैसे हातात यायचे ते शिलाईचे म्हणून. शिलाई दीड रुपया असेल तर घरी दोन सांगायची. वरचे आठ आणे आजीकडे. आजी वहीत लिहायची, ठे. आणि आकडा. लागले की मागायचे. मुलीच्या सहलीला, माहेरच्या गाडीभाड्याला, एकदा दाढ काढायला. पन्नास पैशांपासून जमा. बऱ्याच जणींचं होतं. आणि एकीचं दुसरीला माहीत नसायचं.

मी विचारलं, पोस्टात का नाही ठेवलेत?

"पोस्टमन घरी यायचा की."

जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "छापू नकोस हो. अजून आमचे हे आहेत."

म्हणून या नोंदींतही ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. त्यांच्या पुरत्या तर नक्कीच.

२६ जानेवारी

ठेवणीतलंचा रकाना पुसला. ४१२ नोंदी पुन्हा तपासायला सुट्टीचा दिवस पुरला नाही, रात्री दोनपर्यंत बसले. आता "ठे." जमा, आणि जिथे "ठे. दिली" आहे तिथे खर्च. १९५८ ते १९९१. आता तेहतीस वर्षांचे बाराही महिने लागले, निवडक चार नाही. एकूण ३८ बायका. कुणी चार महिने, कुणी वीस वर्षं. व्याज नाही, पावती नाही, सही नाही. हिशेब चुकल्याचं कुठे दिसत नाही. एका ठिकाणी फक्त "एक रु. कमी भरला, माझ्याकडून घातला" असं आहे.

आणि हे सगळं तिने कुणाला सांगितलं नाही. ना आजोबांना, ना बाबांना, ना काकूंना, ज्या त्याच घरात पंचेचाळीस वर्षं वावरल्या.

३८ पैकी ३७ खाती बंद आहेत, म्हणजे बेरीज शून्य. एक उघडं: "गंगापुरी, गिरणीवाली." गंगापुरी म्हणजे वाईतलीच एक आळी. सुरुवात जून १९८२, शेवटची जमा नोव्हेंबर १९८३. १९ ओळी. बेरीज करून बघितली, पुन्हा केली.

८५.

खाली गेले आणि देवघरातलं पाकीट मोजलं. ८०, कारण पाचाची नोट आम्ही खेळायला दिली. कुणाची तरी ठेव, चारही बाजूंनी शिवून ठेवलेली, मी कात्रीने उसवली आणि पोराला बक्षीस वाटलं. ती पिशवी बिनतोंडाची का, हे आता कळलं. तिला स्वतःलाही सहज उघडता येऊ नये म्हणून.

काकांना अजून सांगितलेलं नाही.

९ फेब्रुवारी

गोधडी फसली. चिंध्यांच्या गाठोड्यातून सगळ्या सालांचे तुकडे घेऊन एक गोधडी करायची कल्पना माझीच. सुती लुगडं, रुबिया, टेरिकॉट, जरीचा खण, सगळं एकत्र. धावदोरा घालताना टेरिकॉट सरकतं, सुती आवळतं, आणि पहिल्या धुण्यात तर एक कोपरा चिरमुटून पापडासारखा झाला. काकू म्हणाल्या, "वाकळ मऊ सुती लुगड्यांचीच करतात. हे तुझं प्रदर्शन आहे." उसवायला घेतलंय. सोडून देते. पुस्तिकेला गोधडीची गरज नाही.

२३ फेब्रुवारी

गिरणीवालीचा शोध. आधी गंगापुरीत पिठाच्या गिरण्या कुणाकुणाच्या होत्या ते विचारत फिरले. दोन घरं मिळाली, दोन्हीकडे त्या नावाची खूण बसेना. मीही तशी मूर्खच. वही पुन्हा उघडली तर तिच्या ओळीत मापंच नाहीत! ब्लाउज एकही शिवून घेतलेला नाही. आहेत ते "काज २४", "बटण ४०", "हेम ६ साड्या". ही गिऱ्हाईक नव्हती, आजीसाठी हातशिलाई करत होती. आणि १९८२.

गिरणी म्हणजे मुंबईची गिरणी. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि गिरणगावातली अर्धी चाळ गावाकडे परतली, त्यात आपल्या सातारा जिल्ह्यातली माणसं कितीतरी. सध्या कृष्णाबाईचा उत्सव चालू आहे, घाटाघाटावर पाळीपाळीने, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना गाठणं सोपं. एका आजींना आठवलं. "लालबागची. भावाच्या खोलीत राहायला आली हुती, तीन पोरं घिऊन. नवरा संपातला. त्यो मागं ऱ्हायला, कामावर घेत्याल म्हणून. तुझी आजी तिला काज शिकवायची." मग? "मग गेली. भावजयीचं आन तिचं पटंना. पनवेलकडं म्हणत्यात. नक्की म्हाईत न्हाई."

भावाचं घर विकलं गेलंय. तिथे आता मोबाइलचं दुकान.

म्हणजे ती जाताना ठेव न्यायला आली नाही. किंवा घाईत निघाली. शेवटच्या जमेनंतर त्याच पानावर आजीने मार्च ८४मध्ये बारीक लिहिलंय, "निरोप नाही." आणि मे ८५मध्ये पुन्हा, "निरोप नाही."

१६ मार्च

काकांशी बोलले. आधी पुस्तिकेच्या परिच्छेदावरून. त्यांचं म्हणणं, आईला आवड होती, घर बाबांच्या पगारावर चाललं, माझी कॉलेजची फी बाबांनीच भरली, पावतीवर त्यांचीच सही होती.

मी जून १९७३चं पान पुढे केलं. त्या महिन्यात शिलाईची बेरीज १३२ रुपये. खाली "ह्यांनी घरात दिले ११०." त्याखाली "धाकट्याची फी, ह्यांच्या हाती दिली."

काका बँकेतून निवृत्त झालेत. आकड्यांच्या पानाकडे ते कसे बघतात हे मला माहीत आहे, आधी खालची बेरीज पडताळतात. पडताळली. मग बराच वेळ वही बंद केली नाही.

"हुक मी लावायचो," ते म्हणाले. "रात्री. जेवणं झाल्यावर. दहा हुकांना एक पैसा द्यायची. बाहेर सांगायचं नाही अशी अट. बाबांना बरं वाटायचं नाही म्हणून."

मी गप्प.

"डझनाचा भाव मागितला होता मी. दिला नाही."

पेन मागून घेतलं आणि परिच्छेदातलं "फावल्या वेळात" खोडलं. "आवड" ठेवलं. मी म्हटलं असू दे. ती होतीच. कटोरी ब्लाउज बेतताना ती गुणगुणायची, ते मी स्वतः ऐकलंय, आणि कटोरी बेतणं हे आवड नसलेल्या माणसाचं काम नाही.

मग ८५ रुपयांचं सांगितलं.

१३ एप्रिल

पाचाची नोट परत मिळवली. नातवाने ती वर्गातल्या मुलाला देऊन बेब्लेड घेतला होता. आता तो मुलगा नोटा जमवतो आणि ट्रॅक्टरवाली सोडायला तयार नाही. काकांनी वाटाघाटी केल्या. दोन बेब्लेडवर तुटलं. बँकेत असताना यापेक्षा सोपी प्रकरणं असायची म्हणाले.

पुस्तिकेचा मजकूर ३२ पानं. मापं नाहीत, खुणा नाहीत, ठेवीबद्दल अक्षर नाही. भूकंपाची नोंद, आणे आणि नये पैसे, मशीनचे १८ हप्ते, जून १९७३चं पान आहे. पनवेलचं अजून काही हाती नाही. तिकडच्या एका ओळखीच्या बाईंना गिरणी कामगारांच्या घरांत विचारायला सांगितलंय.

२५ मे

पुस्तिका छापून आली, ४० प्रती. मुखपृष्ठावर आजीचा फोटो नाही, मशीनच्या त्या घासलेल्या जागेचा आहे. दोन नातेवाइकांना ते आवडणार नाही हे माहीत आहे.

मशीन उद्या जाणार. घरकामाच्या मावशींची सून फॉल-बिडिंग करते, तिला. तिने येऊन पायडल मारून बघितलं, म्हणाली आवाज हलका आहे. वह्या घरातच राहतील, ट्रंकेत कडुलिंबाचा पाला घालून.

जाण्याआधी एक काम राहिलं होतं. लाल दोरा भरला, सुई नीट बसवली (काकू बाजूला उभ्या), आणि तीच खणाची पिशवी पुन्हा शिवली. आत विसाच्या २, दहाच्या ४, पाचाची १, आणि एक चिठ्ठी: "गंगापुरी, गिरणीवाली. ठेव. ८५ रु." तीन बाजू वाकड्या गेल्या. चौथी बऱ्यापैकी सरळ.

पिशवी काकांच्या कपाटात, त्यांच्या स्वतःच्या ठेवींच्या पावत्यांच्या फाइलमध्ये. कपाट लावता लावता ते थांबले. "नोव्हेंबर ८३ पासून धरलं तर व्याज किती होईल?" म्हटलं, आजी व्याज देत नव्हती. "आई देत नव्हती. आपण बेचाळीस वर्षं ठेवलंय." लग्नपत्रिकेची कोरी बाजू आणि पेन्सिल घेऊन बसलेत. बचत खात्याचा दर लावायचा की मुदत ठेवीचा, एवढ्यावर अडलंय.